चित्रकलेच्या विद्यार्थ्याने लेझर कटिंग कुठून सुरू करावे?

बेळगावात चित्रकला शिकणाऱ्या विद्यार्थ्याने आधी लेझर यंत्र हाताळावे की सॉफ्टवेअर शिकावे, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते सुरुवात रेखाटनापासून करावी, कारण यंत्र केवळ दिलेल्या रेषेवरून जाते. इंकस्केप हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. त्यात स्वतःचे एखादे रेखाचित्र व्हेक्टर रेषांमध्ये, म्हणजे यंत्राला वाचता येणाऱ्या गणिती रेषांमध्ये, उतरवून पाहा.

मराठी अक्षरांचे स्टेन्सिल (रंग भरण्यासाठी अक्षरे कापून काढलेला साचा) करताना विशेष काळजी घ्यावी लागते. ‘व’ किंवा ‘ब’ची बाह्यरेषा तशीच कापली, तर अक्षराच्या पोटातला तुकडा गळून पडतो आणि तिथे नुसते भोक उरते, म्हणून तो तुकडा धरून ठेवणारे दोन बारीक पूल आधीच काढावेत. फाइल देण्यापूर्वी अक्षरांचे पाथमध्ये, म्हणजे फाँटवर अवलंबून नसलेल्या रेषांमध्ये, रूपांतर करावे, नाहीतर दुकानातील संगणकावर तो फाँट नसल्यास जोडाक्षरे तुटतात.

लेझर स्वतःही थोडे साहित्य जाळतो, साधारण ०.१ ते ०.२ मिमी रुंदीचे. त्यामुळे ३ मिमी जाडीच्या एमडीएफसाठी (लाकडी तंतू दाबून केलेला फळा) नेमकी ३ मिमीची खाच कापल्यास सांधा सैल बसतो. व्हर्नियर या सूक्ष्म मोजपट्टीने जाडी मोजून २.७ ते ३ मिमीच्या चार खाचांचा नमुना आधी कापून घ्यावा.

पहिल्या कामासाठी यंत्र विकत घेऊ नये. नामफलक करणाऱ्या किंवा उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतील कारागिरांकडे लाकूड व ॲक्रिलिक कापणारे यंत्र आहे का, ते विचारावे आणि काम चालू असताना शेजारी उभे राहून पाहावे. पीव्हीसी हे प्लॅस्टिक मात्र लेझरने कधीही कापू नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो.