विमानवाहू जहाज असताना हेलिकॉप्टरसाठी वेगळी जहाजं कशाला?

निपाणीकडच्या एका वाचकाने विचारलंय: "२०१९ च्या महापुरात आमच्या भागावर हेलिकॉप्टर घिरट्या घालताना पाहिलं. नौदलाकडे विमानवाहू नौका असताना काही देश खास हेलिकॉप्टरसाठी मोठी जहाजं का बांधतात? आपल्याकडे तशी आहेत का?"

मी खानापूर तालुक्यातला. आमच्याकडे फौज म्हटलं की मराठा लाइट इन्फंट्री. मी नेव्हीत गेलो आणि पहिल्या सुट्टीला घरी आलो, तेव्हा पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या मामांनी विचारलं, "बोटीवर हेलिकॉप्टर? काय सांगालास! उतरतंय तरी कुठं?" पुढची पंधरा वर्षं नौदलाच्या हवाई शाखेत चेतक आणि सी किंग या हेलिकॉप्टरांच्या देखभालीत गेली. मामांच्या त्या प्रश्नात तुमच्या प्रश्नाचंही बरंचसं उत्तर आहे.

तुम्ही पुराचा विषय काढलात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. वेदगंगा चढली, यमगर्णीजवळ हायवे पाण्याखाली गेला, आणि रस्त्यापासून हाकेच्या अंतरावरची गावं बेटं झाली. अशा वेळी हेलिकॉप्टर लागतंच. पण प्रत्येक फेरीनंतर त्याला कुठंतरी परत जावं लागतं. माणसं उतरवायला, तेल भरायला, मेकॅनिकने हात फिरवून बघायला कोरडी जागा हवी. हेलिकॉप्टरचा पल्ला विमानापेक्षा फार कमी, त्यामुळे ती जागा जितकी जवळ तितक्या फेऱ्या जास्त. आपल्याकडे निदान बेळगावजवळच्या सांबऱ्याची धावपट्टी आहे. समुद्रात काय आहे? सुगीत आपण कणसं घरापर्यंत वाहत नाही, शिवारातच खळं करतो. हेलिकॉप्टरवाहू जहाज म्हणजे काम असेल तिथं नेता येणारं खळं.

पुराच्या आणि वादळाच्या मदतीत याचा उपयोग सहज दिसतो. पण नौदलांना हेलिकॉप्टरची ओढ लागली ती मुख्यतः पाणबुडीमुळे, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

पाणबुडी डोळ्यांनी दिसत नाही, ती आवाजाने शोधावी लागते. जहाजाच्या पोटाखाली सोनार, म्हणजे पाण्यातल्या आवाजावरून शोध घेणारं यंत्र असतं, पण जहाज स्वतःच गोंगाट करतं: इंजिन, पंखा, पाणी कापण्याचा आवाज. त्यात आपल्या अरबी समुद्रात वरचं पाणी उन्हाने तापलेलं आणि खालचं गार. दोन थरांमधून जाताना आवाज सरळ जात नाही, वाकतो. पाणबुडीचा कप्तान हे जाणून असतो आणि गार थराखाली दडून बसतो. वरून जाणाऱ्या जहाजाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता सी किंग काय करतो पाहा. पाण्यापासून थोड्या उंचीवर तो एका जागी तरंगत राहतो आणि लांब केबलला बांधलेला सोनार खाली सोडतो. थराच्या वर ऐकायचं की खाली, हे आत बसलेला ऑपरेटर ठरवतो. विहिरीत पोहरा किती खोल सोडायचा हे जसं दोर धरणाऱ्याच्या हातात, तसंच. ऐकून झालं की केबल गुंडाळायची, काही मैल पुढं जायचं, पुन्हा सोडायची. पाणबुडी जहाजाचा आवाज दुरून ओळखते, पण हेलिकॉप्टर कुठं येऊन थांबलंय आणि पुढं कुठं जाणार हे तिला कळणं फार अवघड. शिवाय तिच्या टॉर्पेडोला, म्हणजे पाण्यातून धावणाऱ्या अस्त्राला, हेलिकॉप्टर सापडत नाही, उलट टॉर्पेडो हेलिकॉप्टरच्या पोटालाच लटकवलेला असतो. शिकार आणि शिकारी यांची जागा बदलते ती इथं.

म्हणून आधी फ्रिगेटवर, म्हणजे मध्यम आकाराच्या लढाऊ जहाजावर, हेलिकॉप्टर बसवायची धडपड झाली. जहाजावर हेलिकॉप्टर उतरतं हे अमेरिकेत १९४३ मध्येच एका तेलवाहू जहाजावर सिद्ध झालं होतं, पण तो प्रयोग होता. अवघड होतं ते लहान, डुलणाऱ्या जहाजावर जड हेलिकॉप्टर उतरवणं. सी किंगच्या पंख्याचा व्यास जवळजवळ १९ मीटर आणि भरलेलं वजन नऊ टनांच्या वर. फ्रिगेटचा मागचा डेक म्हणजे कबड्डीची एक-दोन मैदानं मावतील एवढी जागा, पुढ्यात हँगरची, म्हणजे हेलिकॉप्टर ठेवायच्या खोलीची भिंत, आणि ते सगळं वरखाली, डावीउजवीकडे हलतंय. रात्री दिवे मंद केलेले.

यावर उपाय काढला कॅनडाच्या नौदलाने, १९६० च्या दशकात. त्याचं नाव 'बेअर ट्रॅप', म्हणजे अस्वलाचा सापळा. हेलिकॉप्टर डेकवर तरंगत वरून एक बारीक दोर सोडतं. डेकवरचा गडी आधी त्याला लांब काठीने स्पर्श करून साठलेली वीज उतरवतो, कारण फिरणाऱ्या पंख्यांमुळे हेलिकॉप्टरवर मोठी स्थिर वीज जमते आणि उघड्या हाताने धरलं तर माणूस फेकला जातो. मग त्या दोराला जहाजाची जाड केबल जोडतात, हेलिकॉप्टर ती वर ओढून घेतं, आणि जहाजावरची विंच, म्हणजे केबल गुंडाळणारं यंत्र, ती ताणून धरते. पायलट वर जोर लावतो, विंच खाली ओढते, आणि त्या ताणामुळे यंत्र डेकच्या मधोमध स्थिर राहतं. लाटांच्या मालिकेत मध्येच काही क्षण जहाज शांत होतं. डेकवरचा अधिकारी तोच क्षण हेरून खूण करतो आणि हेलिकॉप्टर बसतं. पोटाखालचा दांडा सापळ्यात गेला की जबडा मिटतो. तोच सापळा रुळावरून सरकून हेलिकॉप्टरला हँगरपर्यंत नेतो.

आपल्या 'गोदावरी'वर, म्हणजे १९८३ मध्ये नौदलात आलेल्या स्वदेशी फ्रिगेटवर, दोन सी किंग ठेवायची सोय केली होती. तेवढ्या आकाराच्या जहाजावर दोन सी किंग ही त्या काळात जगातही नवलाची गोष्ट होती. आपल्या आराखडाकारांचा मला आजही अभिमान वाटतो.

पायलटला शाबासकी मिळते, मिळायलाच हवी. पण उतरल्यानंतरचं काम डेकवरच्या पोरांचं असतं. चाकं टेकली की साखळ्या घेऊन वाकून धावायचं, फिरत्या पंख्याखाली, आणि चारी बाजूंनी आवळायचं. पावसाळ्यात एकदा माझ्या हातातली साखळी ओल्या डेकवरून निसटली आणि जहाज कलल्यावर चेतक हातभर सरकला. शेजारच्या केरळी सोबत्याने दुसरी साखळी अडकवली म्हणून निभावलं. त्यानंतर गोड्या पाण्याने इंजिन धुणं, पंखे घडी करणं. मिठाची झळ यंत्राला गंजासारखी खाते, एक दिवसाचा आळस महिन्याभरात दिसतो. मोठ्या जहाजावर हेच काम प्रशस्त हँगरमध्ये, पुरेशा माणसांनी होतं. एकाच वेळी चार-सहा हेलिकॉप्टर उडवायची असतील तर छोटा डेक पुरतच नाही.

दुसरं कारण म्हणजे सैनिक किनाऱ्यावर उतरवणं. १९५६ मध्ये सुएझला ब्रिटिशांनी 'ओशन' आणि 'थीसियस' या दोन जहाजांवरून मरीन सैनिक हेलिकॉप्टरने उतरवले. समुद्रातून हेलिकॉप्टरने केलेला असा तो पहिला हल्ला. त्यानंतर अमेरिकेने या कामासाठीच बांधलेलं 'इवो जिमा' १९६१ मध्ये आणलं. रशियाचं 'मॉस्क्वा' १९६७ चं, ते मात्र पाणबुडीच्या शोधासाठी. जपानने आपल्या हेलिकॉप्टरवाहू 'इझुमो'ला विनाशिका म्हटलं, कारण त्यांच्या संविधानामुळे विमानवाहू हा शब्द तिथं नाजूक आहे. लांबी मात्र २४८ मीटर. आपली नवी 'विक्रांत' २६२ मीटरची.

मग विमानवाहू नौकाच का वापरू नये? वापरतात की. आपल्या जुन्या 'विराट' या विमानवाहू नौकेवर सी हॅरियर लढाऊ विमानांबरोबर सी किंगही असायचे. पण तिच्या डेकवर लढाऊ विमानांचं वेळापत्रक चालतं, तिच्याभोवती इतर जहाजांचा ताफा लागतो, आणि अशा नौका आपल्याकडे दोनच. पूरग्रस्त बेटावर तांदूळ न्यायला ती पाठवणं म्हणजे नांगरणीच्या दिवसात बैलजोडी जत्रेला नेणं. हेलिकॉप्टरवाहू जहाजाला फार वेग लागत नाही. त्यात दवाखाना, ट्रक, शेकडो माणसांची झोपायची सोय बसते. काहींच्या पोटात पाणी घेऊन मागच्या दारातून बोटीही सोडता येतात.

आपल्याकडे त्या जातीचं जहाज म्हणजे 'जलाश्व'. २००४ च्या सुनामीत आपल्या नौदलाने श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियापर्यंत मदत पोहोचवली, पण एवढा माल आणि माणसं एकदम नेणारं मोठं जहाज हाताशी नव्हतं. ती उणीव जाणवली आणि अमेरिकेकडून 'ट्रेंटन' हे जुनं जहाज विकत घेतलं. २००७ मध्ये ते 'जलाश्व' म्हणून नौदलात आलं, सोबत सहा सी किंग हेलिकॉप्टरही घेतली. सुमारे हजार सैनिक त्यात मावतात. मे २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत याच जहाजाने मालेहून ६९८ भारतीयांना कोचीला आणलं.

तरी माझं मत स्पष्ट आहे: हे पुरेसं नाही. 'जलाश्व' मुळात १९७१ चं जहाज आहे. अशी चार मोठी जहाजं देशातच बांधायचा विषय दशकभराहून जास्त काळ रेंगाळत आला. अंदमानपासून लक्षद्वीपपर्यंत बेटं असलेल्या देशाला पूर्व आणि पश्चिम दोन्ही किनाऱ्यांवर असं एकेक तरी जहाज बारा महिने तयार हवं. हेलिकॉप्टरांची बाजू अलीकडे सावरली आहे. जुन्या सी किंगच्या जागी २४ एमएच-६० आर घेतली आणि त्यांची पहिली स्क्वॉड्रन मार्च २०२४ मध्ये कोचीला उभी राहिली. आता त्यांना डेक हवेत.

तुम्ही निपाणीचे, तेव्हा एक सुचवतो. चोर्ला घाट उतरून गोव्याला जाल तेव्हा समुद्रकिनाऱ्यावरून थोडा वेळ काढून वास्कोजवळ बोगमाळो रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय बघा. पोरांना घेऊन जा. तिथं चेतक दिसला की त्याच्याशेजारी उभं राहून पंख्याची लांबी पावलांनी मोजा, आणि मग तो पावसाळ्यातल्या रात्री, डुलणाऱ्या डेकवर उतरतोय असं डोळ्यांपुढं आणा. मामांना मी तिथंच नेलं होतं. त्यांनी मोजलं आणि परत येताना घाट चढेपर्यंत मला त्या साखळ्यांबद्दलच विचारत होते.