रेफरन्सेस चुकले म्हणून पेपर परत आला, आता?

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या एका सहायक प्राध्यापकांचा हा अनुभव. नोकरी सांभाळून पीएचडी चालू आहे. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवरचा त्यांचा पहिला शोधनिबंध जर्नलकडे गेला आणि आठवड्याच्या आत मेल आला: संदर्भ जर्नलच्या सूचनांप्रमाणे नाहीत, दुरुस्त करून पुन्हा सादर करा. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. प्रश्न मात्र नेहमीचाच होता.

“सर, म्हणजे रिजेक्टच झाला ना? गाइडना काय सांगू?”

रिजेक्ट झालेला नाही. हा टेक्निकल चेक. संपादकीय कार्यालयातला कर्मचारी शब्दसंख्या, आकृत्या, नैतिक मंजुरीचं वाक्य आणि संदर्भांची पद्धत पाहतो. त्यानंतर निबंध संपादकाच्या टेबलावर जातो. म्हणजे मजकूर अजून कुणी वाचलेलाही नाही. गाइडना एवढंच सांगायचं: “तांत्रिक दुरुस्तीसाठी परत आलाय, रिव्ह्यूला गेलेला नाही.”

त्यांची फाइल उघडली तेव्हा खरं दुखणं दिसलं. प्रबंधासाठी एपीए पद्धतीत (मजकुरात लेखकाचं नाव आणि साल देणारी पद्धत) हाताने टाइप केलेली ५८ संदर्भांची यादी त्यांनी निबंधात चिकटवली होती आणि जर्नलला हवी होती व्हँकुव्हर. (कॅनडातल्या त्या शहरात १९७८ साली वैद्यकीय जर्नलांचे संपादक एकत्र बसले, त्यावरून हे नाव.) व्हँकुव्हरमध्ये मजकुरात लेखकाचं नाव-साल येत नाही. ज्या क्रमाने संदर्भ पहिल्यांदा येतो तो त्याचा क्रमांक, आणि यादीही त्याच क्रमाने, वर्णानुक्रमे नाही. त्यांनी हाताने क्रमांक घातले, मग प्रस्तावनेत एक परिच्छेद वाढवला, आणि तिथून पुढचे सगळे आकडे सरकले. ३१पर्यंत दुरुस्त केल्यावर धीर सुटला.

हाताने पुन्हा टाइप करायचं नाही, हा पहिला निर्णय. संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मेंडेली किंवा एंडनोट वापरत असाल तरी चालेल. पण सॉफ्टवेअर उघडण्याआधी जर्नलच्या ‘लेखकांसाठी सूचना’ वाचायच्या आणि ताज्या अंकातले दोन-तीन निबंध शेजारी ठेवायचे. सूचना कधी कधी जुन्या असतात, छापलेला निबंध खोटं बोलत नाही. पाहायचं ते असं: क्रमांक चौकटी कंसात की वर चढवलेला, पूर्णविरामाच्या आधी की नंतर, किती लेखकांनंतर ‘एट अल.’, म्हणजे ‘आणि इतर’ (व्हँकुव्हरमध्ये बहुधा ६, काही ठिकाणी ३). जर्नलचं नाव पूर्ण की संक्षिप्त. डीओआय (निबंधाचा कायमचा डिजिटल क्रमांक) हवा का. काही प्रकाशक पहिल्या सादरीकरणाला कुठलीही एकसारखी, पूर्ण माहितीची पद्धत चालवून घेतात. तशी ओळ सापडली तर निम्मं काम तिथंच वाचतं. या जर्नलमध्ये ती नव्हती.

मग माहिती गोळा करणं. झोटेरोत जादूच्या कांडीचं बटण आहे, त्यात डीओआय, पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीतला क्रमांक किंवा पुस्तकाचा आयएसबीएन टाकला की नोंद आपोआप भरते. ज्या जुन्या संदर्भांचा डीओआय हाताशी नाही, ते डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफच्या ‘सिंपल टेक्स्ट क्वेरी’ या पानावर जसेच्या तसे चिकटवायचे, असेल तो डीओआय ते पान शोधून देतं.

आपोआप भरलेली नोंद बरोबरच असते असं मात्र नाही, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. यादीत ‘ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच’ नावाचे एक लेखक दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या इंग्रजी नावातला शेवटचा शब्द सॉफ्टवेअरने आडनाव समजून पुढे आणला होता आणि उरलेल्याची आद्याक्षरं केली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचंही (आयसीएमआर) असंच होतं. उपाय सोपा: लेखकाच्या रकान्याशेजारच्या बटणाने दोन खाने मिटवून एकच करायचा आणि त्यात संस्थेचं पूर्ण नाव लिहायचं. ही दुरुस्ती वर्डमधल्या यादीत करून उपयोग नाही, पुढच्या रिफ्रेशला चूक परत हजर. नोंद झोटेरोतच सुधारायची.

शीर्षकांचंही तसंच. काही शीर्षकांत प्रत्येक शब्द कॅपिटल, काहींत नाही. शीर्षकावर राइट क्लिक करून ‘सेंटेन्स केस’ करा, मग इंडिया, डीएनए असे शब्द नीट राहिलेत का ते डोळ्यांनी पाहा. क्लेब्सिएला न्यूमोनीसारखी जिवाणूंची नावं तिरप्या अक्षरांत हवीत, त्यासाठी शीर्षकात त्या नावाभोवती एचटीएमएलचा आय टॅग लावावा लागतो. आधी फक्त ऑनलाइन आलेल्या निबंधांना नंतर खंड आणि पानं मिळालेली असतात, तीही भरून घ्या.

आता वर्डमध्ये जुने टाइप केलेले कंस एकेक करून काढायचे आणि त्या जागी झोटेरोच्या टॅबमधून जिवंत संदर्भ घालायचे, म्हणजे झोटेरोशी जोडलेले, क्रमांक आपोआप बदलणारे. कंटाळवाणं आहे, पण एकदाच. जर्नलची संक्षिप्त नावं हाताने लिहू नका. ‘डॉक्युमेंट प्रेफरन्सेस’मध्ये मेडलाइन या वैद्यकीय सूचीतली संक्षिप्त नावं वापरण्याचा पर्याय आहे.

एक खाच तक्त्यांची. फक्त तक्ता २मध्ये येणाऱ्या संदर्भांना त्यांनी शेवटचे क्रमांक दिले होते. नियम असा, की मजकुरात तक्ता २चा पहिला उल्लेख जिथे येतो, तिथे त्या संदर्भांचा नंबर लागतो. जर्नलला तक्ते फाइलच्या शेवटी हवे असतात आणि सॉफ्टवेअर मात्र वरून खाली मोजत जातं. म्हणून शेवटपर्यंत तक्ता त्याच्या पहिल्या उल्लेखाच्या लगेच खाली ठेवायचा. सगळं झालं की फाइलची वेगळी प्रत काढायची, त्या प्रतीत ‘अनलिंक सायटेशन्स’ करायचं (म्हणजे झोटेरोशी जोड तोडून संदर्भांचा साधा मजकूर करायचा) आणि मगच तक्ते मागे न्यायचे. मूळ फाइल अनलिंक करू नका, रिव्ह्यू आल्यावर तीच लागणार आहे.

आमच्या मते स्वल्पविरामांपेक्षा पुढची तपासणी महत्त्वाची. प्रत्येक डीओआय उघडून पाहिला. एक दुसऱ्याच विषयाच्या निबंधावर गेला, तो संदर्भ चॅटबॉटने सुचवलेला होता आणि त्या शीर्षकाचा निबंध कुठेच नव्हता. एका नोंदीवर झोटेरोने लाल पट्टी दाखवली: निबंध मागे घेतलेला. मागे घेतला तरी निबंधाचा उल्लेख थांबतोच असं नाही. लस आणि ऑटिझमवरचा ‘लॅन्सेट’मधला १९९८चा निबंध २०१०मध्ये मागे घेतला गेला, तरी तो अजून याद्यांत दिसतो. एका आकड्यासाठी दिलेले दोन संदर्भ दुसऱ्याच्या आढावा-निबंधातून उचललेले होते. मूळ निबंध उघडल्यावर त्यांत तो आकडा सापडलाच नाही. जर्नलने यातलं काहीच मेलमध्ये लिहिलं नव्हतं, पण चांगला रिव्ह्यूअर नेमकं हेच पकडतो, आणि तिथे मात्र विश्वासाला तडा जातो. खोटा संदर्भ वगळला, मागे घेतलेल्याच्या जागी दुसरा पुरावा दिला, आणि त्या आकड्यासाठी तो खरोखर देणारे निबंध शोधले. शेवटी यादी ५७वर आली.

संपादकांना उत्तर दोन ओळींचं पुरतं: संदर्भ आपल्या सूचनांप्रमाणे केले आहेत; तपासणीत संदर्भ क्रमांक अमुक बदलले आहेत. माफीनामा लिहू नका.

“पण प्रबंध तर युनिव्हर्सिटीला एपीएतच हवाय.” त्यासाठी पुन्हा सगळं करावं लागत नाही, प्रबंधाच्या फाइलमध्ये याच नोंदींतून संदर्भ घालून शैली एपीए निवडायची. एकच काळजी घ्या: व्हँकुव्हरसाठी म्हणून नोंदीतले सहाव्यानंतरचे लेखक किंवा जर्नलचं पूर्ण नाव पुसू नका. एपीएच्या सातव्या आवृत्तीत यादीत २० लेखकांपर्यंत सगळी नावं द्यावी लागतात, आणि शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या प्रबंधांच्या नोंदीत विद्यापीठाचं नाव व कायमचा दुवाही लागतो.