रेणूंचा खेळ आणि खेळाडूंची मते : वाचकांचे प्रश्न

या सदरात मागे संगणकावरील कोड्यांच्या खेळांचा विषय निघाला, तेव्हा ‘मोलेक-सिंटेझ’ या खेळाचा उल्लेख एका वाक्यापुरताच झाला होता. त्या एका वाक्यावर कोकणपट्टीतून बरीच पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगतो. झॅक बार्थ यांच्या ‘झॅकट्रॉनिक्स’ या अमेरिकी संस्थेने तो २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. खेळाडू रुमानियातल्या एका थंडगार, ऊब नसलेल्या सदनिकेत बसून एक यंत्र चालवतो आहे, अशी कल्पना आहे. साध्या औद्योगिक रसायनांचे रेणू घ्यायचे आणि त्यांपासून शरीरावर औषधी परिणाम करणारे लहान रेणू तयार करायचे, एवढेच काम. षट्कोनी घरांच्या पटाभोवती उत्सर्जक, म्हणजे रेणूंवर किरण सोडणारी साधने, बसवायचे आणि रेणू ढकलणे, ओढणे, फिरवणे, हायड्रोजनची उचलठेव करणे अशा सूचनांची एकेक ओळ प्रत्येक उत्सर्जकाला द्यायची. मग सगळ्या ओळी एकाच तालावर, पुन्हा पुन्हा चालत राहतात.

प्रश्न : या खेळाविषयी खेळाडूंची मते वाचली आणि गोंधळलो. कोणी त्याला या प्रकारातला सर्वांत निखळ खेळ म्हणतो, तर कोणी ‘अर्धवट सोडलेला, रूक्ष’ म्हणतो. दोघांनी एकच खेळ पाहिला आहे ना? — एक वाचक, रत्नागिरी

एकच पाहिला आहे, आणि दोघेही जे पाहिले तेच सांगत आहेत. फरक आहे तो अपेक्षेत. त्यासाठी मागची परंपरा लक्षात घ्यायला हवी. बार्थ यांनी २००८ मध्ये किमयागिरीवर आधारलेला एक लहानसा खेळ ब्राउझरवर मोफत खेळण्यासाठी केला होता. त्याच बीजातून २०११ मध्ये ‘स्पेसकेम’ आणि २०१७ मध्ये ‘ओपस मॅग्नम’ हे मोठे खेळ उभे राहिले. ‘स्पेसकेम’मध्ये अंतराळातल्या एका रसायन कंपनीची भली मोठी कथा आहे. ‘ओपस मॅग्नम’मध्ये पितळी यंत्रहात, सोनेरी गोळे, पात्रांचे संवाद आणि आपले यंत्र चालताना इतरांना दाखवता यावे म्हणून त्याची हलती चित्रफीत काढून देण्याची सोय आहे. हे दोन्ही खेळून जो ‘मोलेक-सिंटेझ’कडे येतो, त्याला करड्या पडद्यावरची रेषांची आकृती, जेमतेम मजकूर आणि मोजक्या सूचना एवढेच दिसते. त्याला वाटते, सजावट करायची राहून गेली. याउलट ज्याला कोडे सोडवताना कथेचा अडथळाच वाटत असे, त्याला वाटते, शेवटी एकदाचा पसारा आवरला.

आमचे मत दुसऱ्या गटाकडे झुकते, पण पूर्ण नाही. सूचनांची संख्या कमी असल्यामुळे इथे नियम शिकण्यात वेळ जात नाही आणि पहिल्या काही कोड्यांतच सगळी अवजारे हातात येतात. पुढे अडचण वाढते ती नवे अवजार मिळाल्यामुळे नव्हे, तर मागितलेल्या रेणूचा आकार अवघड होत गेल्यामुळे. अशी रचना साधणे सोपे नसते, कारण तिच्यात रचनाकाराला लपायला जागा नसते. मात्र रूक्षतेची तक्रार सरसकट मोडीत काढणेही योग्य नव्हे. ‘ओपस मॅग्नम’मधले यंत्र चालू लागले की कोडे न कळणारा माणूसही ते पाहत उभा राहतो, आणि हा आनंद इथे मिळत नाही. इथले उत्तर फक्त सोडवणाऱ्यालाच सुंदर दिसते. ज्या खेळाडूंनी ‘खेळ चांगला, पण कोणाला दाखवता येत नाही’ असा सूर लावला आहे, त्यांनी आमच्या मते सर्वांत नेमकी गोष्ट सांगितली आहे.

प्रश्न : मी लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ऑपरेटर आहे. मुलाने हा खेळ दाखवला. यात ना तापमान, ना दाब, ना उत्प्रेरक. मग याला रसायनशास्त्राचा खेळ का म्हणायचे? — एक वाचक, ता. खेड

आपला आक्षेप रास्त आहे. अलिबागजवळ थळ येथे ज्या अमोनियाचे उत्पादन होते, त्याचेच उदाहरण घ्या. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध मोडण्यासाठी मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. म्हणूनच लोहयुक्त उत्प्रेरक, ४०० ते ५०० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान आणि प्रचंड दाब यांचा सारा खटाटोप करावा लागतो, आणि तरीही एका फेरीत सगळा वायू अमोनियात बदलत नाही. उरलेला पुन्हा फिरवावा लागतो. खेळातल्या रेणूला यातले काहीच ठाऊक नाही. सूचना दिली की बंध तुटतो, सूचना दिली की जुळतो, आणि उत्पादन दर वेळी शंभर टक्के मिळते. असा कारखाना कोणत्याही मालकाला हवासा वाटेल.

तरीही रसायनशास्त्राचा एक धागा खरा आहे, तो संयुजेचा. कार्बनचे चार बंध, नायट्रोजनचे तीन, ऑक्सिजनचे दोन, हा हिशेब डोक्यात पक्का असल्याशिवाय कोणते अणू कुठे जोडता येतील याची आखणी करता येत नाही. बंधांच्या कोनांबाबत मात्र षट्कोनी पट काही ठिकाणी दगा देतो आणि काही ठिकाणी साथ देतो. पाण्याच्या रेणूतला कोन प्रत्यक्षात सुमारे १०४.५ अंशांचा आणि मिथेनमधला १०९.५ अंशांचा आहे. पटावर साठच्या पटीतलेच कोन शक्य असल्यामुळे हे दोन्ही रेणू तिथे चुकीचे दिसतात. बेंझिनचे कडे मात्र १२० अंशांचेच असते, त्यामुळे ते या पटावर जसेच्या तसे बसते. ‘स्पेसकेम’चा पट चौकोनी घरांचा होता आणि तिथे हेच कडे आयतात कोंबावे लागत असे, हे आठवले की षट्कोनी पटाची निवड किती विचारपूर्वक केली आहे ते कळते.

परंतु आपल्याला हा खेळ ओळखीचा वाटेल तो वेगळ्याच कारणाने. कारखान्यात पीएलसीवर, म्हणजे यंत्रांचा क्रम चालवणाऱ्या नियंत्रकावर, क्रम लावताना कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा, एक बॅच बाहेर पडण्याआधी दुसरीचे चार्जिंग (कच्चा माल भरणे) सुरू करता येईल का, कोणत्या टप्प्यापाशी सगळी साखळी अडून राहते, हे प्रश्न जसे पडतात, तसेच ते इथे पडतात. खेळाचे नाव रसायनाचे असले तरी गाभा आहे तो वेळापत्रकाचा. मुलासोबत एखादे कोडे बसून सोडवून पाहा. संयुजा त्याला अधिक चांगली आठवेल, पण बॅचवर बॅच कशी चढवायची हे बहुधा आपणच त्याला शिकवाल.

प्रश्न : कोडे सुटल्यावर खेळ तीन आलेख दाखवतो आणि त्यांत माझी रेषा नेहमी उजवीकडे, म्हणजे वाईट बाजूला असते. सुटल्याचा आनंद तिथेच मावळतो. इतर खेळाडूंची उत्तरे पाहून शिकावे की नको? — एक शिक्षिका, दापोली

आलेखांविषयी खेळाडूंची मतेही अशीच विभागलेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. इथे उत्तर तीन मापांनी मोजले जाते. काम पूर्ण व्हायला किती आवर्तने, म्हणजे तालाचे ठोके, लागली, किती उत्सर्जक वापरले आणि एकूण किती सूचना लिहिल्या, ही ती मापे होत. ती मुद्दामच एकमेकांशी भांडतील अशी ठेवलेली आहेत. एकच उत्सर्जक वापरला तर साधनांची बचत होते, पण आणणे, वळवणे, जोडणे आणि बाहेर काढणे ही सगळी कामे त्याला एकामागून एक करावी लागतात, त्यामुळे आवर्तने वाढतात. चार उत्सर्जक लावून पहिला रेणू बाहेर पडतानाच दुसरा आत घेतला तर आवर्तने झपाट्याने कमी होतात, पण सूचना वाढतात, आणि दोन रेणू एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये थांबण्याची गणिते करावी लागतात. तिन्ही आलेखांत एकाच उत्तराने डावीकडे जाणे सहसा शक्य होत नाही. तेव्हा आपण एका आलेखात उजवीकडे असाल, तर दुसऱ्या कोणत्या तरी आलेखात आपली परिस्थिती बरी असण्याची शक्यता बरीच आहे. तिन्ही एकत्र पाहा.

आणखी एक बाब शिक्षिकेला सांगायला हरकत नाही. आलेखात क्रमांक नसतो, नावे नसतात. बाकीचे खेळाडू साधारण कुठे आहेत याचा फक्त डोंगर दिसतो. पहिल्या-दुसऱ्या क्रमांकांची यादी लावली असती तर बहुतेकांनी एकदा उत्तर काढून पुढचे पान उलटले असते. डोंगर पाहिल्यावर मात्र ‘एवढ्या लोकांनी हे माझ्या निम्म्या वेळात कसे केले?’ हा प्रश्न डोक्यात राहतो आणि माणूस सुटलेले कोडे पुन्हा उघडतो. या प्रकारच्या खेळांचे खरे बलस्थान आमच्या मते हेच आहे.

इतरांची उत्तरे पाहायचीच असतील तर आपले उत्तर निघाल्यानंतर पाहावीत आणि एका वेळी एकच माप धरून पाहावीत. सर्वांत कमी आवर्तनांची उत्तरे नवख्याला बहुधा कळतच नाहीत, कारण त्यांत चार-पाच रेणू एकाच वेळी वेगवेगळ्या अवस्थांत फिरत असतात. कमी सूचनांची उत्तरे मात्र वाचनीय असतात, आणि एखाद्या चलाख वळणाने तीन सूचनांचे काम एका सूचनेत कसे भागवले, हे त्यांत स्पष्ट दिसते.

प्रश्न : माझा मुलगा अकरावी विज्ञान शाखेत आहे. या खेळात औषधे, कदाचित नशेची द्रव्येसुद्धा बनवतात असे ऐकले. त्याला हा खेळ खेळू द्यावा का? — एक आई, मालवण

काळजी स्वाभाविक आहे. खेळातले वातावरण एकांतातल्या, काहीशा संशयास्पद घरगुती प्रयोगशाळेचे आहे आणि बनवायचे रेणू शरीरावर परिणाम करणारे आहेत, हे खरे. परंतु वर खेडच्या वाचकांना लिहिले तेच इथे उपयोगी पडते. खेळात अभिक्रिया नाही, द्रावक नाही, तापमान नाही, शुद्धीकरण नाही; एका काल्पनिक किरणाने अणू इकडून तिकडे सरकवले जातात. हा खेळ पूर्ण संपवणाऱ्यालासुद्धा प्रत्यक्षात काही बनवण्याचे ज्ञान मिळत नाही. रेणूंच्या आकृत्या त्याच्या सेंद्रिय रसायनाच्या पाठ्यपुस्तकातही असतातच. हरकत घ्यायचीच असेल तर जागरणाची घ्यावी, कारण ‘आणखी दोन आवर्तने कमी करतो’ म्हणत रात्री दीड वाजणे या खेळात अगदी सहज होते. परीक्षेच्या दिवसांत संगणक आपल्या नजरेसमोरच्या खोलीत असलेला बरा.

प्रश्न : खेळात पत्त्यांचा डाव आहे म्हणे. तो कसला? — एक वाचक, देवगड

झॅकट्रॉनिक्सच्या बऱ्याच खेळांत एकट्याने खेळायचा पत्त्यांचा किंवा सोंगट्यांचा एखादा डाव जोडलेला असतो. इथला डाव छत्तीस पानांचा आहे. छक्क्यापासून एक्क्यापर्यंतची पाने सहा ढिगांत वाटलेली असतात, रंगाला म्हणजे इस्पिक-बदामला काहीच महत्त्व नसते आणि फक्त उतरता क्रम लावायचा असतो. गंमत अशी की, नियमात न बसणारे पान एखाद्या ढिगावर ठेवण्याची लबाडी खेळच आपल्याला करू देतो; अट एवढीच की, ते पान योग्य जागी जाईपर्यंत तो ढीग अडकून राहतो. गौरी-गणपतीत रात्रभर पत्ते कुटणाऱ्यांना ही सोय फार माणुसकीची वाटेल. मूळ कोड्यांना न शिवता केवळ या डावासाठी खेळ उघडणारेही खेळाडू आहेत, आणि त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही.

प्रश्न : जुना लॅपटॉप आणि पावसाळ्यात वारंवार जाणारी वीज, अशा स्थितीत हा खेळ चालेल का? — एक वाचक, गुहागर

चालावा. चित्रण साधे असल्यामुळे यंत्रावर भार कमी पडतो, आणि खेळ विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर उपलब्ध आहे. कोडी एकेकटी सोडवायची असल्यामुळे मध्येच वीज गेली तरी मोठी मजल वाया जात नाही.

प्रश्न : पाचव्या-सहाव्या कोड्यापाशीच अडकलो. हा खेळ माझ्यासाठी नाही असे समजावे का? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, चिपळूण

इतक्यात नको. अनेक खेळाडूंनी नोंदवले आहे की, या खेळाने सुरुवात करणे कठीण जाते, आणि आम्हालाही ते पटते. इथे हात धरून शिकवणारे कोणी नाही. क्रम बदलून पाहा. ‘सोकोबॉन्ड’ हा २०१३ चा खेळ आधी घ्या. त्यात सूचना लिहाव्या लागत नाहीत. एक अणू घरांवरून सरकवत न्यायचा, शेजारी आला की बंध आपोआप जुळतो आणि शेवटी तयार झालेल्या रेणूविषयी एखादी माहिती मिळते. संयुजेचा हिशेब तिथे अंगवळणी पडतो. त्यानंतर ‘ओपस मॅग्नम’ खेळा, कारण त्यात जागेची आणि सूचनांची मर्यादा जवळजवळ नाही. कितीही वेडेवाकडे यंत्र उभारले तरी ते चालले की कोडे सुटते. मग ‘मोलेक-सिंटेझ’कडे परत या आणि अडलेल्या कोड्यात मोजमापे पूर्ण विसरून, एकाच उत्सर्जकाने, कितीही आवर्तने लागोत, एकच रेणू बाहेर काढून दाखवा. ‘स्पेसकेम’ मात्र सर्वांत शेवटी ठेवा. तो चौघांत सर्वांत अवघड आहे आणि त्याच्या मध्यावर पोहोचून थांबलेले जाणते खेळाडूही पुष्कळ आहेत.