एकच रेकॉर्ड, महिनाभर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा जिन्यात तू मला फोनवरची यादी दाखवलीस. ऐकायलाच हव्यात अशा शंभर जॅझ रेकॉर्डींची. त्यातल्या ३७ तू तीन महिन्यांत संपवल्यास आणि वर म्हणालीस, "काका, मला जॅझ कळतच नाही. आधी नोटेशन शिकू का?" हातात भाजीची पिशवी होती, मागून माणसं चढत होती, मी काहीतरी गुळमुळीत बोलून सुटलो. रात्री ते सलत राहिलं, म्हणून लिहितोय.

नोटेशन शिकायचं तर जरूर शीक, पण ऐकण्यासाठी त्याची गरज नाही. मला खुपला तो तुझा "संपवल्या" हा शब्द. एक रेकॉर्ड घे आणि महिनाभर तीच ऐक. दुसरी लावायची नाही. कंटाळा आला तरी लावायची नाही.

तुझ्या यादीत माइल्स डेव्हिसची "काइंड ऑफ ब्लू" पहिलीच होती. चर्नी रोड ते अंधेरी, लोकलमध्ये उभ्याने ऐकलीस म्हणालीस. तीच परत घे, पण घरी, बसून. १९५९ च्या मार्च-एप्रिलमधल्या अवघ्या दोन दिवसांत न्यूयॉर्कला ती रेकॉर्ड झाली. पहिली "सो व्हॉट" लाव आणि माइल्स डेव्हिसला सोडून दे. फक्त पॉल चेंबर्सचा बास ऐक. मुखडा तोच म्हणतो, बाकीची मंडळी त्याला दोन ठोक्यांचा होकार भरतात. तू लहानपणी पेटी शिकलीस, तेव्हा काफी थाट तुला सांगायला नको. गंधार कोमल, निषाद कोमल, तेच सूर आहेत हे. बत्तीस "बार"चं (म्हणजे आपल्या विभागांचं) एक आवर्तन, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा. सोळा बार त्या काफीच्या सुरांत, मग आठ बार सगळं अर्ध्या सुराने वर चढतं, आणि शेवटचे आठ पुन्हा खाली. बोटांवर मोज. चढ येण्याआधी तो येणार हे ज्या दिवशी अंगाला कळेल, त्या दिवशी "कळत नाही" हे वाक्य तू परत बोलणार नाहीस.

दुसऱ्या दिवशी फक्त ड्रम. माइल्सचा एकट्याचा ट्रम्पेट सुरू होतो तिथे जिमी कॉब झांजेवर एक जोरदार प्रहार करतो. तो नाद विरेपर्यंत त्याच्या मागे जा, मध्ये ट्रम्पेट कितीही खुणावू दे. तिसऱ्या दिवशी पियानो. "फ्रेडी फ्रीलोडर"ला बाकीच्या गाण्यांतला बिल इव्हान्स नाही, विंटन केली बसलाय. हात बदलला म्हणजे नेमकं काय बदललं, ते तू मला सांगायचंस. "ऑल ब्लूज" सहा-सहाने मोजून बघ, दादऱ्यासारखी.

हा आग्रह कुठून आला, तेही सांगतो. १९७८ साली धोबी तलावच्या रंगभवनात पहिली "जॅझ यात्रा" झाली, जॅझचा महोत्सव. मी बावीस वर्षांचा होतो, पोस्टातल्या पगारातून तिकीट काढलं होतं. समोर सॉनी रोलिन्स सॅक्सोफोन वाजवत होते. आणि मी शेजारच्याला सांगत होतो की हा माणूस १९५९ ला कार्यक्रम बंद करून दोन वर्षं न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकटाच रियाज करत होता. मला सगळं माहीत होतं. त्या रात्रीचा एकही सूर मला आज आठवत नाही.

पुढे काही वर्षांनी एका गोवेकर वादकाशी ओळख झाली. धोबी तलावच्या एका कुडात, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक खोल्यांत राहायचे, दिवसा फिल्मी रेकॉर्डिंगला बास वाजवायचे, रात्री हॉटेलात. (आपल्या सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट या गोवेकर जॅझवाल्याचा ट्रम्पेट असायचा. जॅझ आपलं नाही, असं म्हणू नकोस.) त्यांच्यापुढे मी तारखा, नावं, सगळं धडाधडा म्हणून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कोल्ट्रेन वाजवतो तेव्हा खाली बास काय करतो?" (कोल्ट्रेन म्हणजे "काइंड ऑफ ब्लू"वरचाच एक सॅक्सोफोनवाला.) मी गप्प. त्यांनी सुई उचलली आणि पहिल्यापासून लावली. त्या संध्याकाळी चार वेळा. अक्षर बोलले नाहीत.

तेव्हापासून एका वेळी एकच. बिल इव्हान्सची व्हिलेज व्हॅनगार्ड या न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबमधली रेकॉर्ड चोर बाजारातून आणली, ती मी एका पावसाळ्यात दुसरं काही न लावता ऐकली. २५ जून १९६१ चं वादन आहे ते. बासवर स्कॉट लाफारो, पंचवीस वर्षांचा. त्यानंतर अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला. आधी मला वाटायचं, तो साथ करतोय. कितव्यांदा ऐकताना कोण जाणे, लक्षात आलं की तो पियानोशी बोलतोय, मध्येच त्याचं वाक्य तोडतोय. मग ड्रमवरचे पॉल मोशनचे ब्रश ऐकू आले. आणि त्याही खाली ग्लासांची किणकिण, माणसांची कुजबुज. समोर ते तिघं वाजवताहेत आणि माणसं बोलताहेत. ती किणकिण आली की मला रंगभवनातला बावीस वर्षांचा मी ऐकू येतो. दर वेळी.

नंतर मी दोनशेच्या वर रेकॉर्डी विकल्या, साठ ठेवल्या. नातेवाइकांना वाटलं पैशाची अडचण आली. अडचण नव्हती. मुलगा अजून म्हणतो, "बाबा, तेच ते काय ऐकता? जगात इतकं नवीन वाजतंय." वाजतंय, मान्य आहे, आणि त्यातलं चांगलंही माझ्याकडून राहून गेलं असेल. पण त्या साठातल्या कुठल्याही रेकॉर्डची सुई कुठेही ठेव, पुढे कोण काय वाजवणार ते मी तुला गुणगुणून दाखवीन. मला हे हवं होतं. शंभरची यादी करणाऱ्याला विचार, त्यातल्या किती त्याला अशा येतात.

तेव्हा यादी बंद. उरलेल्या ६३ कुठे पळून जात नाहीत. महिनाभराने वर ये, चहा करतो. तुला जॅझ आवडलं की नाही, हे मी विचारणार नाही. "सो व्हॉट"मध्ये कोल्ट्रेनच्या दुसऱ्या आवर्तनात चेंबर्स खाली काय करतो, एवढं विचारीन.

तुझा,
वरच्या मजल्यावरचा काका