फिलिपिन्समध्ये प्रांतातला खासदार सलग तीन वेळा निवडून आला की पुढे काय करतो?

त्याला एक निवडणूक थांबावं लागतं. 1987 च्या राज्यघटनेनुसार तिथल्या प्रतिनिधीगृहाची मुदत 3 वर्षांची, आणि सलग तीनच मुदती मिळतात. मुदत मोडावी म्हणून मध्येच राजीनामा दिला तरी उपयोग नाही. स्वेच्छेने पद सोडणं हा खंड धरला जात नाही.

पण बंदी फक्त सलगपणावर आहे आणि ती व्यक्तीला आहे, कुटुंबाला नाही. खरी गोम इथेच. पाम्पांगा प्रांताचा दुसरा मतदारसंघ बघा: राष्ट्राध्यक्षपद संपल्यावर ग्लोरिया मॅकापागल-अरोयो 2010 ते 2019 तिथून खासदार होत्या, 2018 मध्ये सभागृहाच्या अध्यक्षही झाल्या. 2019 ला जागा मुलगा मिकी अरोयो यांच्याकडे गेली. 2022 मध्ये ग्लोरिया पुन्हा त्याच जागेवर!

दुसरा मार्ग गव्हर्नरपदाचा, म्हणजे प्रांताच्या निवडून येणाऱ्या प्रमुखाच्या पदाचा. त्यालाही हीच तीन मुदतींची मर्यादा आहे, त्यामुळे अनेक घराण्यांत ही दोन पदं आलटून पालटून फिरतात. राजकीय घराणेशाहीला घटनेत मनाई आहे, पण ‘कायद्यात व्याख्या केल्याप्रमाणे’ अशा शब्दांत. ती व्याख्या ठरवायची काँग्रेसने (तिथल्या संसदेने), म्हणजे याच घराण्यांतल्या सदस्यांनी. राष्ट्रीय निवडणुकांसाठी ती अनेक दशकं झालीच नाही, आणि माझ्या मते मुदतमर्यादा पोकळ ठरते ती यामुळेच.