हास्केलमध्ये डेटा.मॅप इम्पोर्ट केल्यावर फिल्टर वापरताना 'अ‍ॅम्बिग्युअस ऑकरन्स' एरर का येते?

कारण फिल्टर नावाची दोन फंक्शन एकाच वेळी समोर असतात, डेटा.मॅप 'इम्पोर्ट क्वालिफाइड' करून 'अ‍ॅज मॅप' असं टोपणनाव द्या आणि पुढे मॅप.फिल्टर लिहा. प्रिल्यूड, म्हणजे हास्केलचं मूळ मॉड्यूल, प्रत्येक मॉड्यूलमध्ये न सांगता इम्पोर्ट होतं आणि त्याचं फिल्टर लिस्टसाठी आहे. लुकअप, नल या नावांचाही असाच गोंधळ होतो. नुसत्या इम्पोर्टला कंपायलर काही म्हणत नाही, संदिग्ध नाव प्रत्यक्ष वापरलं की मगच अडवतो. म्हणून चूक भलत्याच ओळीत आहे असं वाटतं.

मॅप हा टाइप मात्र दुसऱ्या ओळीत कंसात नाव देऊन साधा इम्पोर्ट करा, नाहीतर प्रत्येक सिग्नेचरमध्ये मॅप.मॅप लिहावं लागेल (आणि ते वाचवत नाही). 'हायडिंग'नेही (म्हणजे ठरावीक नावं इम्पोर्टमधून वगळून) काम भागतं, पण मी ते टाळेन: जीएचसी या हास्केल कंपायलरच्या 9.10 आवृत्तीपासून प्रिल्यूडमध्ये फोल्डएल-प्राइम (foldl') आलं, आणि मॅपचं त्याच नावाचं फंक्शन उघडं वापरणारा जुना कोड तिथे अडतो.

अपवाद ऑपरेटरांचा. मॅप.! असं लिहिलेलं चालतं, पण दिसायला विचित्र. तेवढं चिन्ह कंसातल्या यादीत घेतलेलं बरं.