डिझेल गाडीचा फ्युएल रेल प्रेशर सेन्सर घरी बदलता येतो का?
येतो, पण आधी सेन्सरच बिघडलाय याची खात्री करा. हा सेन्सर रेलमधला, म्हणजे इंजेक्टरना (इंधन फवारणाऱ्या भागांना) डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब मोजतो. स्कॅनरवर दिसणारा या सेन्सरच्या सर्किटचा पी०१९३ हा दोष-कोड नुसत्या तुटक्या वायरमुळेही येतो. कनेक्टर काढून तिन्ही पिना पाहा, हिरवट गंज असेल तर साफ करा. इग्निशन ऑन असताना एका पिनेवर ५ व्होल्ट मिळायला हवेत. नसतील तर दोष बहुधा वायरिंगचा.

बदलताना घाई नको. चालू इंजिनात रेलचा दाब १,००० बारच्या वर जातो, बारीक फवाराही कातडीत घुसतो. म्हणून इंजिन बंद करून अर्धा तास थांबा, बॅटरीची निगेटिव्ह काढा. सेन्सरभोवतीची माती नीट पुसा; एक कण इंजेक्टर बिघडवतो. टेफ्लॉन टेप अजिबात लावू नका. टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याइतकंच आवळा. गळती पुठ्ठा धरून तपासा, बोटाने कधीच नाही.